दुकानात ‘बसणं’ आमच्याही वाट्याला येऊ द्या

प्रति,
लक्ष्मी रस्ता, रविवार पेठ आणि तुळशीबाग परिसरातील कापड दुकानांचे मालक व व्यवस्थापक,
पुणे.

सप्रेम नमस्कार.

शेठ, दादा, वहिनी, तुमच्यापैकी एका दुकानात मी एकोणीस वर्षं साड्या विकल्या. गेल्या संक्रांतीला काम सोडलं. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझ्या कमरेचं जे झालं ते या रस्त्यावरच्या कितीतरी जणींचं झालंय आणि मला कुणा एकाशी भांडायचं नाही. काउंटरमागे आज ज्या मुली उभ्या आहेत त्यांच्यासाठी लिहितेय, आणि गादीवर मांडी घालून बसणाऱ्या भावांसाठीही.

वैशाखातली दुपार होती. बारामतीकडचं एक कुटुंब बस्त्याला आलं होतं, लहानथोर मिळून अकरा माणसं. नवरीचा शालू झाला, मानपानाच्या साड्या चालल्या होत्या. नवरीच्या आजीला अंजिरी रंग हवा होता आणि अंजिरी सगळ्यात खालच्या कप्प्यात, तळाला. मी गुडघे ताठ ठेवून वाकले, थप्पी ओढली आणि ती हातात असतानाच कमरेतून डावीकडे वळले. चमक भरली. श्वास अडकला. साड्या हातातून पडू दिल्या नाहीत एवढं आठवतं. त्या वर ठेवल्या आणि मग काउंटरची कड धरून तशीच उभी राहिले. आजी म्हणाल्या, “अगं, बस की जरा.” समोर गिऱ्हाइकांच्या खुर्च्या होत्या, त्यातल्या दोन रिकाम्या होत्या. मी बसले नाही. तोवर तेरा वर्षांत मी त्या खुर्च्यांवर एकदाही बसले नव्हते. त्या दिवशीही, पाय लटपटत असताना, बसावं असं मला सुचलं नाही. शेवटी एका मुलीने मला मागे गोडाऊनमध्ये नेऊन गोणपाटावर आडवं केलं.

पुढचे दोन-तीन महिने कमरेला पट्टा बांधून काम केलं. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. पट्ट्याने बरं वाटायचं, म्हणून तो धायरीच्या बसमध्येही काढत नसे. बऱ्याच काळाने वाचनात आलं की जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कमरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं त्यात म्हटलंय, आणि व्यायाम व रुग्णाला नीट समजावून सांगणं यांची शिफारस केलीय. त्याच संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. तो आकडा वाचला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या सात जणी डोळ्यांसमोर आल्या. सातातल्या पाच जणींच्या पर्समध्ये मलमाची ट्यूब असायची. गिऱ्हाइकाला वास येऊ नये म्हणून आम्ही ते फक्त रात्री लावायचो.

मला बरं केलं ते सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी. त्यांनी आधी नीट तपासलं, पायाची ताकद पाहिली, मुंग्या कुठे येतात ते विचारलं. मग पलंगावरची चादर माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “दुकानात साडी कशी दाखवता ते दाखवा.” मी चादर उलगडली, पदर काढून खांद्यावर टाकला, काठ दाखवले, घडी घातली आणि वाकून खाली ठेवली. त्या बघत होत्या. म्हणाल्या, “ताई, तुमचे खुबे कामच करत नाहीत. सगळं वाकणं कमरेच्या एकाच जागेवर येतंय. आणि वाकत नसता तेव्हा खांबासारख्या उभ्या असता.”

लहानपणापासून ऐकलेलं, पाठ ताठ ठेव, पोक काढू नकोस. त्यामुळे कंबर दुखली की मला वाटायचं, मीच नीट उभी राहत नाही. मग आणखी ताठ व्हायचे. गुडघे मागे रेटायचे, छाती काढायचे. संध्याकाळपर्यंत दुखणं दुप्पट. मॅडमनी समजावलं की ठरवून एकाच ताठ ठेवणीत राहिलं तरी शरीर अवघडतंच. पोक काढून तासभर बसलं तरी दुखेल, सरळ उभं राहून तासभर हललं नाही तरी दुखेल. मणक्यांच्या मधल्या चकत्यांना, स्नायूंना, पायातल्या रक्ताला हालचाल लागते. स्वयंपाक करताना बाई दिवसभर उभी असते, तरी ती ओट्यावरून फ्रिजकडे, फ्रिजकडून मोरीकडे फिरत असते. आमचं उभं राहणं वेगळं होतं. चार फूट काउंटर, त्यामागे दोन फरश्या, आणि त्या दोन फरश्यांवर सकाळी साडेदहा ते रात्री नऊ. दिवाळीत दहा.

उभं राहिल्याने पाय का भरून येतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात, सैल होतात, आणि रक्त वर ढकललं जातं. माणूस नुसता उभा राहिला की हा पंप जवळजवळ थांबतो, रक्त खाली साचतं, घोट्याला सूज येते, वर्षानुवर्षांनी शिरा फुगून निळ्या दिसायला लागतात. आमच्यातल्या एका जुन्या ताईंच्या पायांवर त्या शिरा इतक्या होत्या की त्या कधीही साडी घोट्याच्या वर जाऊ देत नसत. आम्हाला वाटायचं, त्या नीटनेटक्या राहतात.

आणि अनवाणी. गादीवरच्या पांढऱ्या चादरीला डाग लागू नये म्हणून पूर्वी चपला बाहेर काढायची पद्धत होती, ते समजतं. आता बहुतेक ठिकाणी गादी गेली, फरशी आली, तरी विक्री करणाऱ्यांच्या चपला बाहेरच. गिऱ्हाईक बूट घालून आत येतं, मुलगी गुळगुळीत थंड फरशीवर अनवाणी. टाचेच्या हाडाखाली जी जाड पट्टी असते, तिच्यावर दहा तास असा भार पडला की सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना खिळा टोचल्यासारखं होतं. ज्यांना झालंय त्यांना हे वाक्य वाचूनच टाच आठवेल.

आता मॅडमनी शिकवलेल्या सवयी सांगते, कारण मालकांनी त्या समजून घेतल्या तर माझं पुढचं मागणं पटेल.

पहिली वाकायची. त्यांनी झाडूची काठी माझ्या पाठीवर उभी धरली. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, अशा तीन ठिकाणी काठी टेकलेली हवी. “आता काठी न सुटता वाका.” पहिल्या वेळी काठी माकडहाडापासून लगेच सुटली. दुसऱ्यांदाही. मग त्यांनी माझ्या दोन्ही तळहातांच्या कडा मांडीच्या वर, जांघेच्या घडीत ठेवल्या आणि सांगितलं, “ही घडी मोडा. कंबर मोडू नका. मागे भिंतीला पार्श्वभाग लावायला जाताय असं समजा.” गुडघे जरासे सैल सोडले, मागे सरकले आणि काठी तीनही जागी टेकून राहिली. साडीची घडी मी आयुष्यभर घातली होती. शरीराला घडी कुठे पडते हे मला त्या दिवशी, चाळिशी उलटल्यावर, कळलं. त्याच वाकण्यात थप्पी उचलायची, पोटाशी धरायची आणि वळायचं ते पायांनी. पावलं वळवली की कंबर पिळली जात नाही. माझी चमक भरली होती ती याच पिळण्यात.

थप्पी पोटाशी का धरायची, तेही सांगते. स्वीडनमधले अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या कमरेच्या चकतीत सुई घालून आतला दाब प्रत्यक्ष मोजला होता. उभं असताना असतो त्यापेक्षा पुढे वाकल्यावर तो वाढतो, आणि वाकून हातात वजन घेतलं की आणखी वाढतो. दहा भारी रेशमी साड्यांची थप्पी सात-आठ किलोला सहज जाते. तेच वजन हात लांब करून धरलं की कमरेला कितीतरी पट जड होतं. लांब दांड्याच्या टोकाला बादली अडकवून बघावी, लगेच कळेल.

दुसरी सवय उभं राहण्याची. काउंटरखाली वीतभर उंचीची एखादी वस्तू ठेवायची आणि एक पाय तिच्यावर टेकायचा. दहा-पंधरा मिनिटांनी पाय बदलायचा. एवढंच. एक पाय उंच झाला की मांडीच्या पुढचे आणि खुब्यातले ओढून धरलेले स्नायू सैल पडतात, कमरेचा खोलगट बाक थोडा सुटतो. मी एक वीट आणली, जुन्या साडीच्या कव्हरमध्ये गुंडाळली आणि ठेवली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, हे काय. आठवड्याने तिच्याकडेही वीट होती. मुली तिला विठोबाची वीट म्हणायला लागल्या.

बाकीच्या बारीकसारीक. गिऱ्हाईक दोन साड्यांत अडकलेलं असतं, नवऱ्याला फोटो पाठवत असतं, तेवढ्यात काउंटर धरून टाचा वीस वेळा उचलायच्या आणि टेकायच्या. पोटरीचा पंप चालू होतो. तासाने एकदा दोन्ही हात कमरेवर ठेवून हलकेच मागे झुकायचं, पाच-सहा वेळा, कारण दिवसभर सगळं काम पुढे झुकून असतं. घडी फरशीवर किंवा गादीवर ओणवं होऊन घालायची नाही, कोपराच्या उंचीवर काउंटरवर घालायची, आणि नऊवारी असेल तर दोघींनी मिळून. रात्री घरी गेल्यावर पाय भिंतीवर टेकवून दहा मिनिटं पडायचं. सकाळी पलंगावरून उठायच्या आधी टॉवेल तळपायाला अडकवून पंजा आपल्याकडे ओढायचा, म्हणजे टाचेचा तो खिळा बोथट होतो.

गादीवर बसणाऱ्या भावांसाठी मॅडमनी मला वेगळं सांगितलं होतं, तेही लिहिते. सपाट गादीवर मांडी घातली की बहुतेकांचे गुडघे खुब्यापेक्षा वर राहतात आणि कंबर मागे कलंडून पोक येतो. खाली दुमडलेली सतरंजी किंवा जाड उशी घेतली की बैठक उंच होते, गुडघे खाली उतरतात आणि पाठ आपोआप उभी राहते. मांडी घालताना रोज तोच पाय वर घेऊ नये. आणि अर्ध्या तासाने एकदा उठून उंबऱ्यापर्यंत जाऊन यावं.

या सगळ्याने मला पहिल्या महिन्यात फारसा फरक पडला नाही, हेही खरं सांगते. दुखणं कधी कमी, कधी जास्त. दोन-अडीच महिन्यांनी एका रात्री बसमधून उतरताना लक्षात आलं की आज दांडा न धरता उतरले. गोळ्या त्याच सुमारास सुटल्या. कंबर अजूनही अधूनमधून कुरकुरते, पण ती आता माझ्या ताब्यात आहे.

एक गोष्ट मात्र घाईने लिहून ठेवते. सगळीच कंबरदुखी सवयीची नसते. पायातली ताकद कमी होत चालली, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, जांघेत आणि बसायच्या जागेत बधिरपणा आला, ताप किंवा वजन घटण्यासोबत पाठ दुखत असेल, पडल्यानंतर दुखत असेल, तर व्यायाम करत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि अशा मुलीला “दिवाळी होऊन जाऊ दे, मग जा” असं दुकानात कुणी म्हणू नये. मी हे वाक्य ऐकलंय.

आता माझं मागणं. वर लिहिलेल्या दुकानातल्या सवयींपैकी एकही विक्री करणारी बाई एकटी पाळू शकत नाही. खुब्यातून वाकायला मागे हातभर मोकळी जागा लागते, आणि आमच्या मागे कपाट असतं. पाय टेकायला काउंटरखाली वस्तू ठेवायची परवानगी लागते. माझी वीट दोनदा जप्त झाली. “कॅमेऱ्यात वाईट दिसतं.” तासाने मागे झुकले तर सुपरवायझर विचारायचे, आळस का देतेस. म्हणून हे पत्र मुलींना न लिहिता तुम्हाला लिहिलं.

तुमचं म्हणणं मला माहीत आहे, एकोणीस वर्षं ऐकलंय. गिऱ्हाईक आलं आणि मुलगी बसलेली दिसली तर दुकानाची अदब जाते. शेठ, तुमच्या आजोबांचं दुकान आठवा. पांढरीशुभ्र गादी, लोड, मधे साड्यांचा ढीग. विकणारा गादीवर, घेणारी बाई गादीवर, दोघं एका पातळीवर. बसूनच ठाण उलगडलं जायचं आणि त्याने कुणाचा अपमान होत नव्हता. आपली भाषाच बघा ना. मुलगा धंद्यात आला की आपण म्हणतो, तो आता वडिलांच्या दुकानात बसतो. पेढीवर बसतो, गादीवर बसतो. दुकान चालवणं म्हणजे बसणं, हे या पेठांनीच मराठीला दिलं. काउंटर आले तेव्हा गिऱ्हाइकाला खुर्ची मिळाली, मालकाला गल्ल्यामागे खुर्ची मिळाली, आणि विकणाऱ्याची बैठक तेवढी गेली. दुपारची एक ते चारची सुट्टीही मोठ्या दुकानांतून गेली. पुण्याच्या त्या सुट्टीवर लोक विनोद करतात, पण त्या तीन तासांत नोकरमाणसाचीही पाठ जमिनीला टेकत होती.

खर्चाचं म्हणाल, तर मी तुम्हाला तुमच्याच फायद्याची एक गोष्ट सांगते, जी मी नोकरीत असताना सांगू शकले नाही. उसण भरल्यानंतरची दोन वर्षं मी सगळ्यात खालच्या कप्प्यातली साडी काढतच नव्हते. गिऱ्हाइकाने रंग विचारला आणि तो खाली असला तर म्हणायचे, “तो शेड संपला, ताई.” संपलेला नसायचा. मला वाकायची भीती वाटायची. तो माल तसाच पडून राहिला आणि आषाढात सवलतीत गेला. याची मला आजही टोचणी आहे. तुमच्या मजल्यावर आज किती जणी असं करत असतील, ते हजेरीपुस्तकात दिसणार नाही. खालच्या कप्प्यातला शिल्लक माल मोजून बघा.

दुसरीकडे काय झालंय तेही बघा. ब्रिटनमध्ये १८९९ साली कायदा झाला की दुकानात काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांमागे निदान एक बैठक असावी. आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसायची सोय सांगितली होती, म्हणजे कामात उसंत मिळाली की त्यांना टेकता यावं. पण कापड दुकान म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे ते कलम आमच्यापर्यंत पोचलं नाही. केरळमध्ये कोझिकोडच्या बाजारात शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी दुकानांतल्या बायकांना एकत्र केलं. सुरुवात स्वच्छतागृहाच्या मागणीने झाली, मग बसण्याचा हक्क मागितला. २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बदल करून तो हक्क दिला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तशीच तरतूद केली. तिथली कापड दुकानं तुम्ही पाहिली आहेत, कांजीवरमच्या खरेदीला जाता. त्या दुकानांतली गर्दी कमी झालेली नाही.

मी मात्र सरकारकडे गेले नाही, तुमच्याकडे आले. स्टूल ठेवायला कायद्याची वाट बघायची गरज नाही असं मला मनापासून वाटतं.

दर दोन जणींमागे एक उंच स्टूल द्या, पाठीला टेकू असलेलं, काउंटरच्या उंचीला जुळणारं. त्यावर बसून साडी दाखवताही येते, कारण डोळे गिऱ्हाइकाच्या पातळीवर राहतात. काउंटरखाली पाय टेकायला सुताराकडून वीतभर उंचीची लाकडी पट्टी एकदाच ठोकून घ्या. आत घालायला मऊ तळव्याच्या सपाता द्या, हवं तर सगळ्यांना एकाच रंगाच्या, दुकानाला शोभतील अशा. उभं राहायच्या जागी रबराची जाड चटई टाका. रोज सर्वात जास्त उघडला जाणारा आणि वजनाने भारी माल गुडघा ते खांदा यांच्या मधल्या कप्प्यांत लावा. तळाला आणि माळ्यावर तो माल ठेवा जो महिन्यातून एकदा निघतो. आज बहुतेक ठिकाणी मांडणी भावाप्रमाणे असते, वजनाप्रमाणे नसते. घोड्यावर चढून वरची थप्पी काढायची असेल तर खाली झेलायला दुसरं माणूस हवंच. आणि तासाला दोन मिनिटं हलायची मुभा द्या. ती पगारातून किंवा कमिशनमधून कापू नका. सुपरवायझरना सांगून ठेवा की हात कमरेवर ठेवून मागे झुकणारी मुलगी आळस देत नाहीये.

दादा, हे शहर उभं राहण्याचं शास्त्र जगाला शिकवतं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि २०१४ मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासून आहे आणि देशोदेशींचे लोक तिथे शिकायला येतात. त्यांच्या पद्धतीत ताडासन, म्हणजे दोन पायांवर नीट उभं राहणं, हे सुद्धा शिकायचं आसन आहे. आणि ज्याला जमत नाही त्याने स्वतःला रेटू नये म्हणून त्यांनी लाकडी विटा, पट्टे, खुर्च्या अशी साधनं वापरात आणली. माझ्या काउंटरखालची वीट जप्त झाली तेव्हा मला हे माहीत असतं तर मी सुपरवायझरना सांगितलं असतं.

२०२१ मध्ये ११ डिसेंबरला महापालिकेने पादचारी दिन केला आणि लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवला. लोक रस्त्याच्या मधोमध, मुलांचे हात सोडून चालत होते. मी काचेतून बघत होते. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर इतकं मोकळं चालणं मी पाहिलं नव्हतं, आणि मला फार आनंद झाला होता. रात्री दुकान बंद झाल्यावर आम्ही चौघी जणी मुद्दाम रस्त्याच्या मधून चालत गेलो. पाय दुखत होते तरी गेलो.

मंगळवार ते गुरुवार, दुपारी दोन ते चार, तुमच्याकडे गर्दी कमी असते. या वेळात ज्या दुकानाला हवं असेल तिथे मी येईन. पैसे नकोत. झाडूची काठी तुमच्याकडे असतेच, बाकी काही लागत नाही. मुलींना वाकायला, उचलायला, वळायला शिकवीन, आणि तुम्ही परवानगी दिलीत तर कपाटांची मांडणीही एकदा बरोबर फिरून बघू. पहिल्यांदा तुम्ही स्वतः काठी पाठीला लावून बघा, अशी माझी विनंती आहे. दिवसभर गल्ल्यामागे बसून तुमचीही मान दुखते, हे मला माहीत आहे.

दिवाळी जवळ आली. नवरात्र झालं की सगळी दुकानं आतून धुऊन निघतील, काउंटर हलवले जातील. तेव्हा काही काउंटरखाली साडीच्या कव्हरमध्ये गुंडाळलेल्या विटा सापडतील. सुताराची पट्टी ठोकून होईपर्यंत त्या तिथेच राहू द्या.

आपली नम्र,
साडी विभागातली एक माजी विक्रेती
धायरी, पुणे